गिअरबॉक्समधला देवमासा

मंडळी, ऑटोमॅटिक गाडीचं ट्रान्समिशन ऑइल कधी तपासलंय? इथे अमेरिकेत माझ्या जुन्या गाडीचं मी अजून घरीच बघतो. गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू (इंजिन ऑइलच्या बरोब्बर उलट!), डिपस्टिक पुसून पुन्हा आत घालायची. कमी असेल तर त्याच नळीत नरसाळं लावून थोडं थोडं ओतायचं. तेल लाल, कारण गळती कुठली ते कळावं.

पण या तेलाचा इतिहास वाचला आणि चक्रावलो. जनरल मोटर्सचं हायड्रा-मॅटिक ओल्ड्समोबाइलच्या १९४० च्या मॉडेलमध्ये आलं. पुढे १९४९ मध्ये त्यांनी अशा तेलाचं ‘टाइप ए’ हे मानक ठरवलं. या तेलांत स्पर्म व्हेलचं तेल मिसळत! उष्णता सोसणारं, त्याच्यामुळे आतले क्लच धक्का न देता धरत.

रॉकेल आलं आणि देवमासे वाचले, असं आपण ऐकत आलो. दिव्यापुरतं ठीक. स्पर्म व्हेलची सगळ्यात मोठी शिकार झाली ती १९६० च्या दशकात, म्हणजे घरोघरी वीज आणि दारोदारी मोटार असताना. त्यातला थोडा वाटा या गिअरबॉक्सचाही.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त ठरवलं, आयात थांबली. मग रसायनशास्त्रज्ञांची पर्यायासाठी धावाधाव! वाळवंटातल्या होहोबा झुडपाच्या बियांचं तेल याच्या फार जवळचं निघालं. आता ते मुख्यतः क्रीम आणि शांपूत सापडतं.