टाका, टीप आणि ‘हाताचे काम’ : अमेरिकन क्विल्टच्या इतिहासातील एक प्रकरण

एखाद्या जुन्या वस्तूच्या नावाला नवे विशेषण चिकटले, की तिच्या शेजारी दुसरे काही तरी येऊन उभे राहिले आहे, असे खुशाल समजावे. यंत्रमाग येण्यापूर्वी ‘हातमाग’ हा शब्द घडविण्याचे प्रयोजन नव्हते; माग म्हणजे माग. शिवणकामातील ‘हातटीप’ या शब्दाची कथा तीच आहे. शिवणयंत्र घरोघरी आल्यावर नुसती ‘टीप’ यंत्राच्या वाट्याला गेली आणि हाताने घातलेल्या टिपेस ‘हात’ हे पद जोडून आपली ओळख सांगावी लागली. अशी पदे प्रारंभी केवळ भेद दाखवितात. कालांतराने त्यांत मूल्य शिरते, आणि मग ते मूल्य वस्तूच्या स्वभावातच आहे असे आपण मानू लागतो. हे मूल्य कसे शिरते व पुढे कसे डळमळते, हे पाहण्यास अमेरिकन क्विल्टचा इतिहास फार उपयोगी आहे. त्यातही ज्या रीतीस मराठीत ‘मुक्तगती शिलाई’ म्हणता येईल, तिचे उदाहरण विशेष बोधप्रद ठरते.

‘क्विल्ट’ हा शब्द लॅटिन ‘कुल्किता’, म्हणजे भरलेली गादी, या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. वरचे कापड, मधला कापसाचा थर आणि खालचे अस्तर असे त्याचे तीन थर असतात. वरचा थर बहुधा ठिगळे जोडून केलेला असतो. परंतु ‘क्विल्टिंग’ ही संज्ञा काटेकोर अर्थाने त्या जोडकामास लागू नाही; तिन्ही थरांतून आरपार जाणाऱ्या शिलाईस ती लागू आहे. या शिलाईचे मूळ प्रयोजन व्यावहारिक होते. धुण्यात मधला कापूस सरकून त्याचे गोळे होऊ नयेत, म्हणून टाक्यांच्या ओळी जवळजवळ घालाव्या लागत. आपल्या गोधडीत जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने एकत्र बांधले जातात. तेथेही ओळींची दाटी प्रथम टिकाऊपणासाठी असते, आणि नक्षी त्या गरजेतून उगवते.

एलियास हौ यांना शिवणयंत्राचे पेटंट १८४६ मध्ये मिळाले, आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा शोध मात्र ॲलन विल्सन यांचा. १८५४ मध्ये त्यांनी चार गतींनी चालणाऱ्या दात्यांचे पेटंट घेतले. हे दाते सुईखालून वर येतात, कापड पकडून पुढे नेतात, खाली उतरतात आणि मूळ जागी परततात. कापड किती सरकावे हा निर्णय त्यामुळे हाताकडून यंत्राकडे गेला, आणि समान लांबीची सरळ टीप कोणासही घालता येऊ लागली. १८५६ पासून सिंगर कंपनीने हप्त्यांवर यंत्रे देण्यास आरंभ केला, तेव्हा मध्यम स्थितीतील घरांतही यंत्र पोहोचले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १८६० नंतरच्या काळातील काही क्विल्टांवर यंत्राची टीप दर्शनी भागी मुद्दाम दिसेल अशी घातलेली आढळते. यंत्र महाग होते, नवे होते. त्याची टीप मिरविण्याजोगी होती. यंत्राने शिवलेले म्हणजे उणे, ही समजूत त्या पिढीची नव्हती.

ती समजूत मागाहून आली. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील शताब्दी प्रदर्शनाच्या सुमारास अमेरिकेत वसाहतकालीन जीवनाविषयी एक हळवी ओढ निर्माण झाली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ती बळावली. क्विल्ट या विषयावरील पहिला स्वतंत्र ग्रंथ म्हणून ओळखले जाणारे मेरी वेब्स्टर यांचे पुस्तक १९१५ मध्ये, याच वातावरणात प्रसिद्ध झाले. आजीच्या हातचा टाका हा गतकाळाच्या साधेपणाचे प्रतीक बनला. ज्या पिढीपाशी यंत्र होते, तिनेच हाताच्या टाक्यास प्रतिष्ठा दिली, हे विसरता कामा नये. हाताचे काम जोवर अपरिहार्य होते, तोवर त्यास वेगळा गौरव देण्याचे कोणास सुचले नव्हते.

मुक्तगती शिलाई या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. तिची युक्ती सोपी आहे. विल्सन यांचे दाते खाली उतरवावयाचे किंवा झाकावयाचे. कापड घट्ट दाबून धरणारा पाय काढून त्याजागी किंचित उचललेला, नक्षीसाठीचा पाय लावावयाचा. आणि कापड दोन्ही हातांनी हवे तिकडे फिरवावयाचे. सुई यंत्राच्या वेगाने खालीवर होते, परंतु टाक्याची लांबी यंत्राचा वेग व हाताचा वेग यांच्या प्रमाणावर ठरते. हात घाईने फिरला की टाका लांबतो. हात रेंगाळला की टाके एकमेकांवर चढतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिंगर कंपनीने साध्या घरगुती यंत्रावर भरतकाम शिकविणाऱ्या पुस्तिका काढल्या होत्या. चौकटीत ताणलेले कापड हाताने फिरविण्याची रीत त्यांत आहेच. क्विल्टच्या तीन थरांसाठी घरगुती यंत्रावर या रीतीचा पद्धतशीर अवलंब मात्र १९८० नंतरच्या दशकात वाढला. त्यात हॅरिएट हारग्रेव्ह यांच्या अध्यापनाचा व लेखनाचा वाटा मोठा आहे.

या रीतीत प्रयोगास भरपूर वाव आहे. प्रयोग करणारी व्यक्ती प्रथम कागदावर पेन्सिल न उचलता अखंड रेघ काढून पाहते. मग उरलेल्या कापडाच्या लहान तीनथरी तुकड्यावर तीच रेघ यंत्राने काढते, आणि त्यानंतरच खऱ्या क्विल्टकडे वळते. पिसे, गोटे, पाने, वलये असे आकार त्यातून तयार होतात. सर्वांत प्रचलित नक्षी ‘मिअँडर’ ही होय. आशिया मायनरमधील नागमोडी वळणांच्या नदीचे ग्रीक नाव या शब्दाच्या मुळाशी आहे. ती नदी आज तुर्कस्तानात मेंदेरेस या नावाने वाहते. या नक्षीच्या दाट प्रकारात रेघेने स्वतःस कोठेही छेदावयाचे नाही, असा संकेत आहे. स्वातंत्र्य आहे, पण त्यास व्याकरण आहे.

१९८९ मध्ये केंटकी राज्यातील पड्यूका येथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या ‘कोरोना २ : सोलर एक्लिप्स’ या क्विल्टास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारा यंत्राने शिवलेला तो पहिला क्विल्ट. त्यावर वाद झाला. हाताचा टाका हाच खरा, असे मानणाऱ्यांना हा निर्णय परंपरेवरील आघात वाटला. परंतु ही परंपरा किती जुनी, हे आपण वर पाहिले. शिवाय या रीतीत, कापड सरकविण्याचे जे काम १८५४ मध्ये यंत्राकडे गेले होते, ते हाताने परत घेतले होते. मग तो क्विल्ट ‘हाताचा’ की ‘यंत्राचा’? प्रश्न असा मांडला की त्यास उत्तर मिळत नाही, कारण दोन पदांची ही विभागणीच अपुरी आहे.

प्रस्तुत लेखकास यातून संशोधनाच्या पद्धतीविषयी एक सूचना करावीशी वाटते. गोधड्या, वाकळा यांची नोंद करताना ‘हस्तनिर्मित’ वा ‘यंत्रनिर्मित’ असा एकच रकाना भरून आपण मोकळे होतो. त्याऐवजी तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत : सुई कोणत्या शक्तीने चालली? कापड कोणी फिरविले? रेघ कोठे वळावी, हे कोणी ठरविले? पायाने चालविलेल्या यंत्रावर एखाद्या बाईने आपल्या मनाने वळविलेली टीप, आणि छापील आराखड्यावरून हाताने घातलेला टाका, यांतील भेद त्या एका रकान्यात मावत नाही. रकाना चुकला तर नोंदीतून प्रथम नाहीसा होतो तो त्या बाईने केलेला निर्णय. गोधडी विरून गेल्यावर तो पुन्हा शोधून काढण्याचे दुसरे साधन आपल्यापाशी उरत नाही.