कॅरेमल कस्टर्ड : खेळ आचेचा

घरी केलेले कॅरेमल कस्टर्ड बिघडते ते बहुधा दोनच ठिकाणी. साखर कडू होते किंवा कस्टर्डला भोके पडतात. दोन्हींचे कारण एकच, जास्तीची आच.

साखर सुमारे १६० अंश सेल्सिअसला रंग बदलू लागते. १७० अंशांच्या आसपास ती मधाच्या रंगाची होते आणि त्यापुढे कडवटपणा झपाट्याने वाढतो. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी साखर, दोन चमचे पाणी व लिंबाचे चार थेंब घालावेत. लिंबाच्या आम्लामुळे काही साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होते आणि पाकात पुन्हा खडे धरत नाहीत. पाक उकळू लागला की ढवळू नये. हवा तो रंग येण्याच्या किंचित आधीच पातेले उतरवावे, कारण तापलेल्या भांड्यात रंग चढतच राहतो. हा पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी तप्त असून त्वचेला चिकटतो. मुलांना ओट्यापासून दूर ठेवलेले बरे.

पाक साच्यात ओतावा. अर्धा लिटर कोमट दूध, चार अंडी, पाव वाटी साखर व व्हॅनिला फेस न आणता एकत्र करून त्यावर गाळावे. साचा गरम पाण्याच्या थाळीत ठेवून १६० अंशांवर सुमारे पाऊण तास भाजावा. शिटी काढलेला कुकरही चालतो, मात्र साचा झाकलेला हवा. मधला भाग थरथरत असतानाच बाहेर काढावे. रात्रभर फ्रीजमध्ये राहिल्यावर कॅरेमल सुटते. घाईने उलटे केल्यास निम्मा थर साच्यालाच चिकटून राहतो.