मधल्या वर्षांचा वादक

नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता वारंगा फाट्यावर यवतमाळ-नागपूरच्या रस्त्याला भेटतो. एसट्या थांबतात, ट्रक थांबतात, हॉटेलांत खिचडी-भज्यांच्या पराती बघता बघता रिकाम्या होतात. लग्नसराईत वाजंत्र्यांचे ताफे इथंच उतरायचे. आमच्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टीही याच फाट्यापासून सुरू व्हायच्या, कारण गाव सोडणारा इथूनच जायचा आणि परतणारा इथंच उतरायचा.

आजोबा सांगायचे, रझाकारांच्या धास्तीत लग्नंसुद्धा मुक्यानं उरकली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि पुढच्या पोळ्याला त्यांच्या मोठ्या मावसभावानं ताफा बांधला. घरात सगळे त्यांना थोरले बापू म्हणत. डफडं बापूंचं, सनई एका पाहुण्याची, संबळ भाच्याचा, आणि झांज माझ्या आजोबांकडे. वाजवणं हे आमच्या लोकांवर गावानं लादलेलं काम होतं. पोळ्याला बैलांपुढं आम्ही, पंगतीत मात्र सगळ्यांत लांब. बापूंनी त्यात एक मोठा बदल केला. आधी पैसे ठरवायचे, सुपारी हातात घ्यायची, मगच वाजवायचं. आमच्या ताफ्याचा खरा पाया हा.

हवेत ओल आली की डफड्याचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मग पऱ्हाट्यांच्या जाळावर ते शेकायचं. कमी शेकलं तर बोलत नाही, जास्त शेकलं तर फाटतं. उजव्या हातात टिपरू, डाव्या हातात बारीक काडी. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला की एक चाल, वरात वेशीत आली की दुसरी. सनईवाला बापूंच्या मनगटाकडे बघून सूर सोडायचा. ताफा कुठं वळणार, हे बापूंचा हात ठरवायचा.

१९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, लग्नं लांबणीवर पडली. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, सुकडीवर लेकरं जगली. बापू फाट्यावरून निघाले ते मुंबईच्या गिरणीत जाऊन थांबले. गणपतीत तिथल्या बेंजो पार्टीत वाजवू लागले. इकडे आजोबांनी झांज खाली ठेवली आणि डफडं गळ्यात अडकवलं.

गावोगावी त्यांना एकच वाक्य ऐकू यायचं, ‘थोरल्याची सर नाही.’ ते ऐकूनही आजोबा पुढची सुपारी घेत राहिले. बापूंच्या चाली त्यांनी सांभाळल्या, पण हात स्वतःचाच ठेवला. सनईवाला म्हातारा झाला तेव्हा त्याच्या पोराला शिकवून उभं केलं. दर ठरवण्यात कधी माघार घेतली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले हजारो पुन्हा गिरणीच्या दारात गेलेच नाहीत. बापू त्याच वर्षी परतले. आजोबांनी डफडं काढून त्यांच्यापुढं धरलं. बापू म्हणाले, “धा वर्सं तू वढलंस गड्या. आवंदा झांज मी धरतो.” आणि ज्यांनी ताफा उभा केला, ते सबंध लग्नसराई आजोबांच्या मागं झांज वाजवत चालले. पुढच्या वर्षापासून ताफ्यात दोन डफडी झाली. बापूंच्या हातात मुंबईची चलाख लय होती, आजोबांना आजूबाजूच्या गावांची नस कळत होती.

नांदेडला कॉलेजात असताना मित्राच्या संगणकावर मी ड्रीम थिएटर ऐकलं. १९८५ मध्ये बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात जॉन पेट्रुची, जॉन म्युंग आणि ड्रमर माईक पोर्टनॉय या तीन पोरांनी बांधलेला हा बँड. एकाच गाण्यात ताल पुन्हा पुन्हा बदलत जातो, तरी कुणी चुकत नाही. त्या तिघांच्या बायकाही एकाच मेटल बँडमधल्या, त्यामुळे हे गोत जवळजवळ भाऊबंदकीचंच. पोर्टनॉयनं दारू सोडली, त्या झगड्याची पाच गाणी पाच अल्बमांत ओवली. ८ सप्टेंबर २०१० ला मात्र त्यानं बँड सोडला. त्याला लांब विश्रांती हवी होती, इतरांना थांबायचं नव्हतं. काही महिन्यांनी त्याला परत यावंसं वाटलं, तोवर बँडनं पुढची वाट धरली होती.

त्या वाटेवर माईक मँगिनी आला. सात ड्रमरांच्या चाचणीतून तो निवडला गेला आणि बर्कलीतली शिकवण्याची नोकरी सोडून उभा राहिला. पाच अल्बम त्यानं वाजवले. २०२२ मध्ये बँडला पहिलं ग्रॅमी मिळालं, तेव्हा ड्रमवर तोच होता. ‘पोर्टनॉय असता तर’ हे मात्र त्याला सगळी वर्षं ऐकावं लागलं.

मधल्या काळात तुटलेलं सांधत गेलं. २०२० मध्ये पेट्रुचीच्या स्वतंत्र अल्बमवर पोर्टनॉयनं ड्रम वाजवले. २५ ऑक्टोबर २०२३ ला तो परतल्याची घोषणा झाली. मँगिनीनं कसलाही कडवटपणा न ठेवता निरोप घेतला. पोर्टनॉयच्या सगळ्या भूमिका भरून काढणं हे आपलं काम नव्हतंच, बँड चालू राहावा म्हणून ड्रम वाजवणं हे आपलं काम होतं, अशा अर्थाचं तो बोलला. पुढच्या वर्षी बँड चाळिशीच्या दौऱ्यावर निघाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पॅरासोम्निया’ हा अल्बम आला. चाहत्यांनी परतणाऱ्याला डोक्यावर घेतलं. ते रास्तच होतं. मलाही पोर्टनॉयचा हात ओळखू आला आणि भरून आलं.

पण आजोबांच्या घरात वाढलेल्या माणसाला त्या जल्लोषात मँगिनी दिसतोच. संस्थापक परततो तेव्हा त्याच्यासाठी जागा राखलेली असते, असं आपण समजतो. खरं तर ती जागा कुणीतरी रोज वाजवून जिवंत ठेवलेली असते. आजोबांनी ती दहा वर्षं तशी ठेवली नसती, तर बापूंना फाट्यावर उतरून परत जायला ताफाच उरला नसता.

आमच्या ताफ्याची हकीगत आता मी लिहून काढतो आहे. जुनी माणसं सांगताना बापूंपासून सुरू करतात आणि दुष्काळावरून थेट संपावर येतात. मी मात्र प्रत्येकाला मधलं विचारतो. त्या दहा वर्षांत कोणत्या गावच्या सुपाऱ्या आल्या, दर काय होता, सनईवर कोण होतं. ताफ्याच्या इतिहासात बांधणाऱ्याचं नाव पहिलं राहील, ते त्यांचंच आहे. त्याच ओळीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, टिकवणाऱ्याचंही नाव येईल.