अवजड वाहनांचे संथ ओव्हरटेकिंग

अवजड वाहनांचे संथ ओव्हरटेकिंग म्हणजे जवळजवळ सारख्याच वेगाने धावणाऱ्या दोन ट्रक, ट्रेलर किंवा टँकरपैकी एकाने दुसऱ्याला ओलांडण्यास दीर्घ वेळ घेणे. या काळात लगतच्या दोन मार्गिका अडतात व मागील वाहनांची रांग लागते. महाराष्ट्रात हा प्रकार मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर, विशेषतः बोरघाटात, ठळकपणे दिसतो.

पार्श्वभूमी
सुमारे 94.5 किमी लांबीचा हा सहापदरी मार्ग पनवेलजवळच्या कळंबोली येथे सुरू होतो. 2002 मध्ये तो पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरातून निघालेले कंटेनर आणि कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारातील माल पनवेल परिसरातूनच पुण्याच्या दिशेने जातो. त्यामुळे येथे मोटारी आणि अवजड वाहने एकाच मार्गावर एकत्र येतात.

वेळेचे गणित
ओव्हरटेकला लागणारा वेळ वाहनाच्या वेगावर नव्हे, तर दोन वाहनांच्या वेगांतील फरकावर अवलंबून असतो. समजा, ताशी 60 किमी वेगाचा ट्रेलर ताशी 56 किमी वेगाच्या ट्रेलरला ओलांडत आहे. प्रत्येकाची लांबी 16 मीटर आणि पुढे-मागे प्रत्येकी सुमारे 25 मीटर सुरक्षित अंतर धरल्यास पुढच्या वाहनाच्या तुलनेत साधारण 80 मीटर अंतर अधिक कापावे लागते. ताशी 4 किमी फरकाने त्यास 72 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ओलांडणारा ट्रेलर सुमारे 1.2 किमी पुढे गेलेला असतो. ताशी 100 किमी वेगाची मोटार त्याच 56 किमी वेगाच्या ट्रेलरला सहा सेकंदांच्या आत ओलांडते.

कारणे
वेगनियंत्रक: 1 ऑक्टोबर 2015 पासून उत्पादित होणाऱ्या बहुतेक व्यावसायिक वाहनांना ताशी 80 किमी, तर टँकर व डंपर यांसारख्या काही वाहनांना ताशी 60 किमी मर्यादेचा वेगनियंत्रक बंधनकारक करण्यात आला. मर्यादा सारखी असली, की वेगांतील फरक अत्यल्प उरतो आणि चालकाला जादा वेग घेऊन ओव्हरटेक लवकर उरकता येत नाही.

वजन व शक्ती: मोटारीच्या तुलनेत भरलेल्या ट्रेलरला दर टनामागे फारच थोडी अश्वशक्ती उपलब्ध असते, त्यामुळे त्याचा वेग सावकाश वाढतो.

गती टिकविण्याची गरज: पुढील वाहनामागे वेग कमी केल्यास तो पुन्हा गाठण्यासाठी गिअर बदलावे लागतात व जास्त डिझेल जळते. म्हणून थोडा फरक असला तरी चालक पुढे जाण्याचा प्रयत्न करतो.

बोरघाटातील स्थिती
चढावर वाहनाचा वेग मुख्यत्वे वजन आणि इंजिनाची शक्ती यांवर ठरतो. 200 अश्वशक्तीचे इंजिन असलेला 40 टनी ट्रेलर 25 मीटरला 1 मीटर अशा चढावर साधारणतः ताशी 25 किमी वेगाने चढू शकतो. तेवढ्याच शक्तीचा 36 टनी ट्रेलर त्याच चढावर ताशी सुमारे 28 किमी वेग राखतो. या तीन किमीच्या फरकाने ओव्हरटेक करताना, अंतर कमी राखले तरी, मिनिटभराचा अवधी आणि जवळपास अर्धा किमी रस्ता लागतो. याच घाटात खोपोली ते खंडाळा या टप्प्यात जुन्या महामार्गाची वाहतूकही द्रुतगती मार्गात मिसळते. घाटाला पर्याय म्हणून खोपोली ते कुसगाव हा 13.3 किमीचा ‘मिसिंग लिंक’ प्रकल्प हाती घेण्यात आला.

परिणाम व नियम
अवजड वाहनांनी डावी मार्गिका धरावी, ओव्हरटेकसाठी मधली वापरावी आणि उजवी मार्गिका हलक्या वाहनांसाठी मोकळी ठेवावी, अशी तीनपदरी मार्गावरील शिस्त आहे. ती मोडून तीन अवजड वाहने शेजारी-शेजारी आल्यास संपूर्ण बाजू अडते आणि रुग्णवाहिकेलाही वाट मिळत नाही. कंटाळलेल्या मोटारचालकांनी डावीकडून पुढे जाणे अधिक धोकादायक ठरते, कारण ट्रेलरच्या डाव्या बाजूचा बराच भाग चालकाला दिसत नाही. ओलांडल्या जाणाऱ्या चालकाने किंचित वेग कमी करणे हा सर्वांत सोपा उपाय होय. वरील पहिल्या उदाहरणात त्याने वेग ताशी 56 वरून 52 किमीवर आणल्यास 72 सेकंदांचे 36 सेकंद होतात.

इतर देशांत
युरोपीय संघात अवजड ट्रकांच्या वेगनियंत्रकाची मर्यादा ताशी 90 किमी आहे. त्यामुळे हा प्रश्न तेथेही आहे. जर्मनीत या प्रकाराला ‘हत्तींची शर्यत’ अशा अर्थाचे नाव आहे. तेथील हाम येथील उच्च प्रादेशिक न्यायालयाने 2008 मध्ये अशा ओव्हरटेकसाठी कमाल 45 सेकंद आणि वेगात ताशी सुमारे 10 किमी फरक, असा निकष मांडला.