सामुदायिक महाविद्यालय व सामान्य शिक्षण

स्थानिक समाजाच्या गरजा लक्षात घेऊन, अल्प खर्चात व प्रवेशाच्या कठोर अटी न घालता माध्यमिक शिक्षणानंतरचे शिक्षण देणारी संस्था. अमेरिकेत अशा संस्थांचा अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा असतो. त्यात व्यवसायशिक्षणाबरोबरच भाषा, साहित्य, इतिहास, समाजशास्त्रे, गणित व विज्ञान यांचे सामान्य शिक्षण मिळते आणि ते पूर्ण केलेल्यांना विद्यापीठातील पुढील वर्गांत जाता येते. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील महाविद्यालय (१९०१) हे या प्रकारचे आद्य सार्वजनिक महाविद्यालय मानतात. त्याच्या कल्पनेमागे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची प्रेरणा होती. ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाच्या अहवालानंतर (१९४७) ‘कम्युनिटी कॉलेज’ ही संज्ञा रूढ झाली.

महाराष्ट्रात हे नाव नवे असले, तरी त्यामागील विचार जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रशाळा काढली. मुंबईत ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने (स्थापना १९११) कामगारांसाठी रात्रशाळा व ग्रंथालये चालविली. तथापि हे प्रयत्न मुख्यतः साक्षरता व शालेय शिक्षण यांपुरते होते. पदवीचे शिक्षण नोकरदारास दुर्लभच राहिले.

ही उणीव दूर करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे सिद्धार्थ महाविद्यालय होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते २० जून १९४६ रोजी मुंबईत सुरू केले. आरंभी ते लष्कराच्या बराकींत भरे. पुढे ते फोर्ट भागात आले. वर्ग सकाळी भरत असल्याने विद्यार्थ्यास दिवसा नोकरी करून कला वा विज्ञान शाखेचे शिक्षण घेता येई. दलितांच्या शिक्षणाची तळमळ हे संस्थेचे अधिष्ठान होते, परंतु महाविद्यालय सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांस खुले होते. तेथील विद्यार्थी संसदेत सार्वजनिक प्रश्नांवर चर्चा होई. १९५० मध्ये स्वतः आंबेडकर तिच्यासमोर हिंदू संहिता विधेयकावर बोलले. श्रमिकाच्या मुलास केवळ हातचे कसब नव्हे, तर कायदा, इतिहास व राज्यव्यवहार यांचे ज्ञानही हवे, ही भूमिका येथे प्रत्यक्षात आली.

मुंबईच्या पूर्व उपनगरांत हा प्रश्न विशेष जाणवणारा होता. विक्रोळी व भांडुप यांच्या दरम्यानचे कांजूरमार्ग आणि त्याचा परिसर कारखान्यांमुळे वाढला. जवळच पवईस १९५८ मध्ये भारतीय तंत्रविद्या संस्था स्थापन झाली. परंतु तंत्रविद्येच्या या उच्च केंद्राचा प्रवेश थोड्यांनाच मिळणारा होता. परिसरातील सामान्य विद्यार्थ्यास विद्याविहार (१९६०), घाटकोपर (१९६३) व मुलुंड (१९८४) येथील महाविद्यालये लोकलच्या थोड्या प्रवासाने उपलब्ध झाली. मुंबई विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण (१९७१) आणि नासिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) यांमुळे वर्गात नियमित बसण्याची अटही सैल झाली. मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमाने तर शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांनाही पदवीची वाट मोकळी केली.

भारतात सामुदायिक महाविद्यालयाचा प्रयोग १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठात झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये यासाठी योजना आखली, पण तिचा भर रोजगाराभिमुख कौशल्यांवर होता. कौशल्याने उपजीविकेस आधार मिळतो, हे खरे. परंतु व्यवसाय बदलावा लागल्यास अथवा नागरिक म्हणून निर्णय घ्यावयाचा झाल्यास उपयोगी पडते ते व्यापक सामान्य शिक्षणच. ते केवळ सवड व पैसा असलेल्यांचा मक्ता ठरल्यास सामुदायिक महाविद्यालयाचा मूळ हेतू निम्माच साधतो.