समाईलची खिंड आणि आमच्या सायकली

तर मंडळी, झालं असं की आमच्या शेजारच्या काकांनी सांगलीला कायमचं परतायचं ठरवलं. तीस वर्षं मस्कतमध्ये काढली. अल मवालेहच्या आमच्या सायकलवाल्या टोळक्यातले ते सगळ्यात ज्येष्ठ. निरोपादाखल एक लांबची सफर करायची असं ठरलं आणि रस्ता निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. (इंजिनियर माणूस आहे, नकाशे-बिकाशे बघेल, हा इतरांचा गैरसमज!)

ऑफिसातल्या आयरिश मित्राला विचारलं. त्यांच्याकडे वेस्टपोर्टहून अ‍ॅकिल बेटाकडे सायकलींसाठी एक सुंदर रस्ता आहे. १९३७ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून तो काढलाय. गाड्यांचा त्रास नाही, चढ सौम्य, एका बाजूला समुद्र. "तुमच्याकडचा जुना रेल्वेमार्ग शोध," तो म्हणाला. आता इथे मुळात जुनी रेल्वेच नाही, तर शोधू काय?

माझ्यासमोर दोन पर्याय होते. एक, कुरियातवरून समुद्राकाठाने सूरला जायचं. फोटोला झकास, पण मधल्या लांबच लांब टप्प्यांत सावली नाही. दुसरा, फंजा, बिदबिद, समाईल, इझकी करत डोंगरापलीकडच्या निझव्याला. हा साधारण दीडशे किलोमीटरचा पल्ला. माझा कल सूरकडे होता. काका म्हणाले, "निझव्याला मी वीसदा तरी गेलोय रे, पण दर वेळी गाडीत बसून, ताशी एकशेवीसने. रस्ता असा पाहिलाच नाही."

मग जरा वाचायला बसलो, आणि सूरचा बेत बारगळला.

मस्कतच्या मागे हजर पर्वताची भिंत आहे. आपल्या सह्याद्रीसारखीच, फक्त झाडांशिवाय. ही भिंत समाईलच्या वाडीने, म्हणजे पावसाळी नदीच्या पात्राने, मधोमध चिरली आहे. पश्चिमेकडचा हजर आणि पूर्वेकडचा हजर वेगळे होतात ते इथेच. किनाऱ्यावरून आत जायची सगळ्यात सोपी वाट हीच, त्यामुळे ओमानचा बराचसा इतिहास या खिंडीतून ये-जा करत राहिला.

नाणेघाट आठवा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल तिथून चढायचा आणि माथ्यावर आजही तो दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं आपण ऐकत आलोय. खिंड म्हटली की जकात आली, आणि जकात आली की भांडण आलंच.

इथलं भांडण फार मोठं होतं. किनाऱ्यावर सुलतान आणि डोंगरापलीकडे इमाम अशी दोन सत्ताकेंद्रं झाली होती. १९१३ साली इमामाच्या बाजूच्या टोळ्यांनी निझवा, इझकी आणि समाईल घेतलं. जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी थेट मस्कतवर चाल केली. रुवीजवळ बैत अल फलज इथे त्यांना अडवलं ते हिंदुस्थानी फौजेने. त्यात १०२ वी ग्रेनेडियर्स होती, म्हणजे जुन्या मुंबई लष्करातली पलटण. आज तिथे लष्करी संग्रहालय आहे. इतकी वर्षं त्यावरून गेलो, पण आपल्याकडून आलेले शिपाई तिथे लढले हे माझ्या गावीही नव्हतं.

शेवटी २५ सप्टेंबर १९२० रोजी तह झाला. कुठे? सीबला! आमच्या घरापासून सायकलने पाऊण तासावर. त्यातली कलमं वाचताना गंमत वाटली. आतल्या भागातून किनाऱ्यावर येणाऱ्या मालावर पाच टक्क्यांहून जास्त कर घ्यायचा नाही. आतल्या लोकांना किनाऱ्यावरच्या गावांत सुरक्षितपणे येता-जाता यावं. थोडक्यात, या वाटेने माणसाला आणि त्याच्या उंटाला सुखाने जाऊ द्या.

तो तह तीसेक वर्षं टिकला. पुढे तेलाचा शोध सुरू झाला, भांडण पुन्हा पेटलं, डिसेंबर १९५५ मध्ये सुलतानाने निझवा घेतलं आणि जबल अख्दरवरची लढाई १९५९ मध्ये संपली. देशाचं नावच १९७० पर्यंत 'मस्कत आणि ओमान' होतं. त्यातलं 'आणि' म्हणजे ही खिंड, असं मला आता वाटतं. १९७० पर्यंत किनाऱ्यावर रुपया चालायचा (१९५९ नंतरचा खास आखाती रुपया आपल्याच रिझर्व्ह बँकेचा), तर आत मारिया थेरेसाच्या चांदीच्या नाण्यांवर जास्त भरवसा. मस्कत शहराचे दरवाजे रात्री बंद व्हायचे आणि त्यानंतर हिंडायचं तर हातात कंदील लागायचा. सुलतान काबूस २३ जुलै १९७० रोजी गादीवर आले तेव्हा अख्ख्या देशात जेमतेम १० किलोमीटर डांबरी रस्ता होता. दहा! आमची रविवारची ऑफिसची फेरीसुद्धा त्याहून लांब.

तुम्ही म्हणाल, सायकलचा रस्ता निवडायला एवढा इतिहास कशाला? सांगतो. आजचा हायवे खिंड सरळ कापत जातो, जुना रस्ता मात्र गावांना धरून वळतो. गावं पाण्याला धरून आहेत आणि पाणी फलजमध्ये आहे. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी नुसत्या उताराने गावात आणणारा पाट. पंप नाही, काही नाही. वाटणी वेळेनुसार, दिवसा सावली बघून आणि रात्री तारे बघून. २००६ साली युनेस्कोने ओमानचे पाच फलज जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले तीन आमच्या वाटेवर निघाले: इझकीचा अल मलकी, बिरकत अल मौझचा अल खतमैन आणि निझव्याचा दारिस. सायकलवाल्याला काय लागतं? पाणी, सावली आणि बेताचा चढ. उंटवाल्यालाही तेच लागायचं. म्हणजे रस्ता मी निवडलाच नाही, तो कधीचाच निवडून ठेवलेला होता.

जानेवारीत, पहाटे साडेचारला, दिवे लावून निघालो. हायवे टाळता येईल तिथे टाळला. फंज्याच्या खजुरीच्या बागा, बिदबिदचा किल्ला. समाईलला एका म्हाताऱ्याने हाक मारून थांबवलं, कहवा पाजला आणि फर्द खजूर खाऊ घातला. कुठे निघालात, कुठून आलात, एवढंच विचारलं. कर नाही, परवाना नाही. काकांनी खजुराची बी रुमालात बांधून ठेवली.

इझकीच्या अलीकडच्या चढावर काका उतरले आणि सायकल ढकलत चालायला लागले. आम्हीही उतरलो. (२०१० साली सुरू झालेल्या टूर ऑफ ओमान शर्यतीतले वीर पुढे जबल अख्दरचा दहा टक्क्यांचा चढ मारतात. असो.) वर पोचल्यावर काकांनी मागे वळून खिंडीकडे पाहिलं. "तीस वर्षं राहिलो," ते म्हणाले, "आणि देश आज बघितला."

दिवस मावळताना निझव्याच्या किल्ल्याचा गोल बुरूज दिसला. काका आता सांगलीला आहेत. बी रुजली नाही असं परवा फोनवर म्हणाले. मी म्हटलं, पुन्हा या, समाईलला दुसरी मिळेल.