मुक्त संगणक प्रणाली: सर्वसामान्यांसाठी की जाणकारांसाठी?

लिनक्ससारखी मुक्त संगणक प्रणाली सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत न्यावी, की ती घडविणाऱ्या जाणकारांची संख्या वाढविण्यावर भर द्यावा, हा वाद जुना आहे. बंगळुरू शहरात या दोन्ही दिशांनी प्रयत्न झाले.

मुक्त प्रणाली म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र आणि त्यावरील इतर आज्ञावली यांचा मेळ घालणाऱ्या पायाभूत आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. फिनलंडचे लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा तयार केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील आज्ञावलींची त्याला जोड मिळाली. या प्रणालीची मूळ संहिता कोणालाही अभ्यासता, बदलता आणि वितरित करता येते.

सिंप्युटरचा प्रयोग

भारतीय विज्ञान संस्थेतील चार प्राध्यापक आणि बंगळुरूची एन्कोर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी २००१ मध्ये 'सिंप्युटर' हा लिनक्सवर चालणारा हातात मावणारा संगणक सादर केला. त्याची किंमत सुमारे ९,००० रुपये असावी आणि स्मार्ट कार्डाच्या साहाय्याने एकच यंत्र गावातील अनेकांना वापरता यावे, अशी कल्पना होती. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने 'अमिडा' सिंप्युटर २००४ मध्ये बाजारात आला. मात्र विक्री अपेक्षेपेक्षा फारच कमी झाली. त्याच सुमारास मोबाईल फोन स्वस्त होत गेले आणि सामान्य ग्राहक तिकडे वळला.

परिषदेचा बदललेला रोख

इंटरनेटवरून लिनक्स उतरवून घेणे कठीण होते, त्या काळात 'पीसीक्वेस्ट' या मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या. या उपक्रमामागील अतुल चिटणीस हेच पुढे २००१ मध्ये सुरू झालेल्या 'लिनक्स बंगलोर' परिषदेचे प्रमुख आयोजक होते. २००५ मध्ये तिचे नाव 'फॉस डॉट इन' झाले. भारतात मुक्त आज्ञावली वापरणारे पुष्कळ, परंतु तिच्यात भर घालणारे थोडे, या जाणिवेतून परिषदेचा रोख प्रचाराकडून प्रत्यक्ष योगदानाकडे वळला. २०१२ मध्ये ही परिषद अखेरची भरली.

तिसरा मार्ग

शेजारच्या केरळ राज्याने वेगळा मार्ग निवडला. तेथील 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने शासकीय शाळांमध्ये मुक्त प्रणाली रुजविली. लिनक्सचा गाभा असलेली अँड्रॉइड प्रणाली तर २००८ पासून फोनमधूनच घरोघरी पोहोचली. आपण लिनक्स वापरतो, याची अनेकांना कल्पनाही नसते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सामान्य माणूस सहसा प्रणाली निवडत नाही. यंत्रासोबत, शाळेत किंवा कार्यालयात जी मिळते ती तो स्वीकारतो. त्यामुळे घरोघरी प्रचार करण्यापेक्षा अशा संस्थांचे निर्णय अधिक परिणामकारक ठरतात.

तथापि जाणकारांपुरती मर्यादित राहिलेली प्रणाली आपल्या भाषेत येत नाही. संगणकावरील मराठी टंक, कळफलक आणि भाषांतरित सूचना यांसाठी मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांनी श्रम घेतले आहेत. पडद्यावरील चुकीचा मराठी शब्द प्रथम खटकतो तो रोजच्या वापरकर्त्याला, आणि मुक्त प्रणालीत तो दुरुस्त करण्याचा अधिकारही त्यालाच असतो. वापरकर्त्यांची संख्या वाढविण्याचे खरे प्रयोजन हेच आहे.